घरबसल्या कामाची किंमत

घुग्घुसमध्ये वाळवण घालायचे तर आधी वाऱ्याची दिशा पाहावी लागते. वारा खाणीकडून असला की सकाळी घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया दुपारपर्यंत करड्या होतात. म्हणून इथल्या बायका वाळवणावर जुनी सुती साडी नाहीतर मच्छरदाणी ताणून बांधतात. घरच्यापुरते असेल तर तेवढ्याने भागते. विकायचे असेल तर मात्र भागत नाही, कारण गिऱ्हाईक पापड उजेडाकडे धरून पाहते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी, सिमेंटचा कारखाना आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज जिथे येते तो स्पंज आयर्नचा प्रकल्प, हे सगळे एवढ्याशा गावाच्या अंगाखांद्यावर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर पट्टा ८३.८८ गुण मिळवून चौथा आला होता. या परीक्षेत गुण जितके जास्त तितकी नाचक्की मोठी, हे वेगळे सांगायला नको.

पण प्रदूषण हा आजचा विषय नाही. विषय आहे घरातून चालणाऱ्या कामाचा, त्यातून येणाऱ्या पैशाचा आणि त्या पैशातून मागे पडणाऱ्या चार रुपयांचा. शिवणकाम, वाळवण, डबे, शिकवण्या, मसाले, पिको-फॉल, लग्नसराईत रुखवत. घुग्घुसच्या कोणत्याही गल्लीत दहा दारे ठोठवा, त्यातल्या चार-पाच दारांमागे यातले काहीतरी चाललेले सापडेल. आणि त्याच दारात उभे राहून घरच्या पुरुषाला विचारा, ‘वहिनी काय करतात?’ उत्तर ठरलेले आहे. ‘काही नाही, घरीच असते.’

कोळशाच्या गावात असे का, याचे उत्तर इतिहासात आहे. इथे रोजगार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. तेलंगणापासून बिहारपर्यंतची माणसे इथे पोटासाठी आली आणि इथलीच झाली. पण हा रोजगार पुरुषांचा. एके काळी देशातल्या कोळसा खाणींत बायका मोठ्या संख्येने जमिनीखाली उतरत. १९२९ च्या नियमांनी ते काम टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले आणि १९३७ मध्ये पुरते बंद केले. महायुद्धात कोळशाची निकड लागली, तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठली. युद्ध संपले, १९४६ मध्ये ती परत आली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय! पुढे १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालचे काम बायकांना कोणत्याही वेळी वर्ज्य केले आणि जमिनीवरचे काम संध्याकाळी सातनंतर. त्यात पहिली सैलावट आली ती २०१९ मध्ये. हेतू संरक्षणाचा होता, आणि तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु परिणाम असा झाला की खाणीच्या गावात बाईला पगार मिळण्याची वाट बहुधा नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या अनुकंपा नोकरीतून गेली. जमीन गेली तरी त्याबदल्यातली नोकरी घराघरांत प्रथम मुलाच्या नावावर लागली. उरलेल्या बायकांनी घरातच काम शोधले. त्यांनी ते निवडले असे म्हणणे म्हणजे एकच पदार्थ असलेल्या ताटातून आवडीचा पदार्थ निवडण्यासारखे आहे.

घरातून काम म्हटले की महाराष्ट्राला लिज्जत पापड आठवतो, आणि ते योग्यच आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ही गोष्ट पुन्हा सगळीकडे छापून आली. तिच्यातला एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्याच पावसाळ्यात ऊन नाही म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. अडचण निसर्गाची होती, पण तिच्यावरचा खर्च एकीच्या घरातून न होता सगळ्यांच्या पैशातून झाला.

लिज्जतचे यश इथे आहे. आदल्या दिवशी लाटलेले पापड सकाळी आणून द्यायचे, मजुरी घ्यायची, मळलेले पीठ घेऊन घरी जायचे. लाटणे घरी असले तरी उडीद खरेदी, भाव, विक्री आणि नफ्याची वाटणी एकत्र आहे. घुग्घुसमध्ये वाळवणावर साडी बांधणारी बाई ही सारी कामे एकटी करते. डाळ किरकोळ भावाने आणते, धुळीचे नुकसान स्वतः सोसते आणि किंमत मात्र गिऱ्हाईक ठरवते. पुष्कळदा ते गिऱ्हाईक नणंदेची शेजारीण असते, मग भाव करायचीही चोरी.

एक साधा हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, आपल्या गावचे दर घालून वाचकांनी ते बदलून घ्यावेत. समजा, एक बाई दिवसाला दोन साधे ब्लाऊज शिवते, एकाचे दीडशे रुपये घेते आणि महिन्याला वीस दिवस काम करते. सहा हजार झाले. दोरा, हूक, कॅनव्हास यांचे ब्लाऊजमागे वीस म्हणजे आठशे गेले. मशीनची मोटार, दिवा, पंखा आणि दुरुस्ती मिळून चारशे गेले. हातात चार हजार आठशे. दिवसाचे पाच तास धरले तर शंभर तास, म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस रुपये. आता हेच काम तिने बाजारात तीन हजार भाड्याचा गाळा घेऊन केले असते तर? तासाला अठरा रुपये उरले असते. म्हणजे तिचा धंदा चालतो तो घर तिला भाडे मागत नाही म्हणून. स्वस्त ब्लाऊजमधली सवलत त्या घराने दिलेली असते. पलंग भिंतीला लावून, मुलांचा अभ्यास ओट्यावर ढकलून आणि पाहुणा आला की कापड गुंडाळून ठेवून.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द आपल्या क्वार्टरमध्येही पोचला. पुण्या-हैदराबादला कंपनीत असलेली मुले-मुली लॅपटॉप घेऊन परतली. दोन खोल्यांच्या घरात एक खोली त्यांची झाली. दार लावून घ्यायचे, टीव्ही हळू, कुकरची शिट्टीसुद्धा मीटिंग संपल्यावर. ते बरोबरच होते, पगार त्यावर चालत होता. गंमत एवढीच की त्याच घरात पंधरा वर्षे घरूनच काम करणाऱ्या आईचे मशीन त्या काळात व्हरांड्यात गेले. लेक घरून काम करतो आणि आई घरी असते! सुनेकडे लॅपटॉप आला तरी गाडी पुन्हा जुन्या रुळावर येते, हेही अनेक घरांत पाहते आहे. ती घरीच आहे म्हटल्यावर गॅसवाला, सासऱ्यांचे औषध आणि शाळेतून येणारे मूल आपोआप तिच्याकडे जाते.

हा केवळ माझ्या गल्लीतला अनुभव नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. मधल्या पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषांनीही नऊ मिनिटे वाचवली. मिक्सर, गॅस आणि वॉशिंग मशीन यांनी जे केले ते केले, वाटणी होती तशीच राहिली.

आता बचतीकडे येऊ. खाणीत परमनंट असलेल्या कामगाराचे बरे चालते. मे २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या वेतन करारात त्यांना किमान हमी वाढ १९ टक्के मिळाली, तीही जुलै २०२१ पासून. त्याच गेटातून आत जाणाऱ्या ठेकेदारी कामगाराच्या घराला या आकड्याचा काही उपयोग नाही. पण दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी दिसते. पगार घरखर्चात, हप्त्यात आणि इतर वाटांनी जातो. ‘इतर वाटां’त दारू आली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली ती बायकांनी वर्षानुवर्षे काढलेल्या मोर्चांमुळे, आणि २०२१ मध्ये ती उठली. बंदीच्या काळात चोरटी दारू मिळत नव्हती असे नाही. तरीही पगाराच्या दिवशी घरी येणाऱ्या पाकिटाची जाडी हा त्या मोर्चांचा खरा प्रश्न होता, आणि तो अजून तिथेच आहे.

घराची बचत होते ती ‘वरखर्चाच्या’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बाईच्या पैशातून. भिशी, बचत गट, पोस्टाचे आवर्ती खाते. पोस्टाची महिला एजंट दारी येऊन हप्ता नेते ती योजना १९७२ ची. नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली १९९२ मध्ये. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले, तेव्हा माझ्या ओळखीच्या काहीजणींनी त्या रकमेची भिशीच लावली. सरकारी पैसा आला, त्याला लगेच कुलूप! हे शहाणपण अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही.

परंतु आता वारे फिरले आहे. २०२२-२३ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली. जवळजवळ अर्ध्या शतकातला हा नीचांक होता, आणि वाढते कर्ज हे त्याचे एक मोठे कारण होते. आपल्याकडे त्याचे दर्शन आठवड्याच्या ठरल्या दिवशी सकाळी होते, मायक्रोफायनान्सच्या मीटिंगमध्ये. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज मिळते, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक आहे. निम्मे! ज्या घराचे निम्मे उत्पन्न हप्त्यात जाते, त्या घराने उरलेल्या निम्म्यात शिकायचे, आजारी पडायचे आणि वर बचतही करायची. गटाच्या बैठकीत बाई पूर्वी पैसे ठेवायला जात असे, आता फेडायला जाते. बसायची सतरंजी तीच आहे.

कायद्याचे म्हणाल तर चित्र मोठे चमत्कारिक आहे. दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारीसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. रस्त्यावर भाजी विकणारीसाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. घरी विड्या वळणाऱ्या बायकांनाही १९६६ च्या विडी कायद्याने कामगार म्हटले. पण स्वतःच्या घरात शिवणारी, लाटणारी, निवडणारी बाई यातल्या कशातच बसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी खास करार केला. त्यासाठी ‘सेवा’ संस्थेने आणि इला भट यांनी मोठी खटपट केली होती. भारताने तो स्वीकारलेला नाही.

घर हेच कामाचे ठिकाण असले की घराचे दुखणे धंद्याचे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई भागात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांना दुसरीकडे हलवावे लागले. त्या वेळी सगळे बोलत होते ते छपराविषयी, आणि ते स्वाभाविक होते. पण हलवलेल्या घरातली बाई शिवणकाम करीत असेल तर तिचे दुकान, गोदाम आणि गिऱ्हाईक एकाच दिवशी गेले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

घुग्घुस आता ग्रामपंचायत राहिलेले नाही, नगर परिषद झाली आहे. वॉर्डावॉर्डातली समाजमंदिरे दुपारी रिकामी असतात. त्यातल्या दोन खोल्यांना जाळीच्या खिडक्या, विजेचे मीटर आणि वाळवणासाठी काचेचे झाकण दिले, तर धुळीचा खर्च एकेकीच्या पदरातून जाणार नाही. जिल्ह्यात २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र असताना दोन खोल्यांना वीज पुरायला हरकत नसावी.

दरम्यान, जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. घरातील प्रत्येकाचे काम काय, हा प्रश्न प्रगणक विचारीलच. तो दुपारी आला तर पहिली पाळी संपवून आलेले गृहस्थच दार उघडतील, आणि उत्तरही तेच देतील. त्याने जरा थांबून आतल्या मशीनचा आवाज ऐकावा आणि प्रश्न पुन्हा एकदा, आत ऐकू जाईल असा, विचारावा.