सोलार सर्वांचे, मग कचरा कुणाचा?

मे महिन्यातल्या वादळात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील चार सोलार पॅनेल फुटले. बसवून देणाऱ्या कंपनीने नवे कधी लावायचे ते लगेच सांगितले. जुने घेऊन जा म्हटल्यावर मात्र उत्तर आले, "ते करारात नाही." दोन महिने पॅनेल पाण्याच्या टाकीमागे पडून होते. शेवटी कमिटीने भंगारवाल्या चाचांना बोलावले. चाचांनी पार्किंगमध्ये बसून उघड्या हातांनी ॲल्युमिनियमची चौकट काढली, मागच्या डबीची तांब्याची वायर कापली आणि उरलेल्या काचेकडे बघून म्हणाले, "साहब, इसका कोई दाम नहीं." घंटागाडीनेही ती काच घेतली नाही. एका रात्री ती नाल्याकाठी गेली. कमिटीच्या बैठकीत मीही होतो. इंजिनिअर असूनही गप्प बसलो, म्हणून आज लिहितो आहे.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. कोळशापेक्षा ती केव्हाही चांगली. २०२५ च्या सुरुवातीला देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली आणि 'पीएम सूर्यघर' योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. पण पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे असते. गारपीट, वादळ, वाहतुकीतली आदळआपट यामुळे कितीतरी पॅनेल त्याआधीच निकामी होतात. 'सीईईडब्ल्यू' या दिल्लीच्या संस्थेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार, मार्च २०२३ पर्यंत बसवलेल्या पॅनेलमधून सुमारे एक लाख टन कचरा तयार झाला आहे. २०३० पर्यंत तो ३ लाख ४० हजार टनांवर जाईल.

या कचऱ्यात काय असते? वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश काच, मग ॲल्युमिनियम, प्लास्टिकचे थर, सिलिकॉन, थोडे तांबे आणि अगदी किंचित चांदी. जोडकामात शिसेही असते. काच, सेल आणि मागचा थर एका चिकट प्लास्टिकने असे घट्ट बसवलेले असतात की ते वेगळे करायला खास यंत्रणा लागते. चांदी आणि सिलिकॉन मिळवायचे तर हेच करावे लागते. भंगारवाल्याला मात्र चौकट आणि वायर एवढेच परवडते. बाकीचे फेकले तर शिसे मातीत आणि पाण्यात उतरू शकते. जाळले तर मागच्या थरातून विषारी वायू निघतो.

कायदा नाही असे नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यात सोलार पॅनेलही आहेत. उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंतचा पॅनेलचा कचरा साठवून ठेवावा, त्याची नोंद ठेवावी, असे हे नियम सांगतात. पण आमच्या गच्चीवरून गोदामापर्यंत ते फुटके पॅनेल न्यायचे कुणी? त्याचे भाडे कुणी भरायचे? या प्रश्नापाशी साखळी तुटते आणि चाचांच्या हातगाडीवर येऊन थांबते. युरोपीय संघाने २०१२ मध्येच पॅनेल परत घेण्याची आणि त्याच्या खर्चाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलीही नोंद तयार करताना ती पुढे काढायची कशी, हेही आधीच ठरवतो. इथे तर माहितीही हाताशी आहे. सरकारी योजनांतल्या पॅनेलवर आरएफआयडी टॅग बंधनकारक आहे. त्यात उत्पादकाचे नाव, क्रमांक, वर्ष सगळे असते. पॅनेल बसवताना जो क्रमांक नोंदला जातो, तोच पॅनेल उतरवताना नोंदला गेला, तर कुणाचा माल कुठे गेला हे लपणार नाही. अडचण तंत्रज्ञानाची नाही, इच्छेची आहे.

आपल्या शहरांत भंगाराच्या धंद्यावर पोट भरणाऱ्यांत आपल्याच मोहल्ल्यांतले लोक मोठ्या संख्येने आहेत. फुटलेल्या काचेची धूळ त्यांच्याच छातीत जाणार. म्हणून त्यांना हटवून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांना प्रशिक्षण, हातमोजे, मास्क आणि अख्खे पॅनेल जमा केल्याबद्दल योग्य दाम मिळायला हवा. दाम मिळाला तर कोणीही पॅनेल फोडणार नाही. महापालिकेने प्रत्येक प्रभागात एक जमा केंद्र उघडावे, ही मागणी आपण येत्या प्रभाग सभेत मांडली पाहिजे.

आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून. सोसायटी असो, शाळा असो वा मशिदीची गच्ची, सोलारचा करार करताना एक ओळ लिहून घ्या: निकामी पॅनेल कंपनी स्वखर्चाने परत नेईल आणि त्याची पावती देईल. आमच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. नाल्याकाठची ती काच मी परत आणू शकत नाही. पण आमच्या गच्चीवर अजून छत्तीस पॅनेल आहेत. ते त्याच वाटेने जाऊ नयेत, एवढे तरी माझ्या हातात आहे.