रानपिंगळा, गाजरगवत आणि गावची नोंदवही

मंडळी, आपल्या राज्यात एक पक्षी ११३ वर्षं 'नामशेष' समजला गेला, आणि एक गवत सत्तर वर्षं सगळ्यांच्या देखत वाढतंय. दोघांची गोष्ट शेजारी ठेवून बघा.

पक्षी म्हणजे रानपिंगळा, सातपुड्याच्या जंगलातलं छोटंसं घुबड. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला. त्यानंतर १९१४ ची एक नोंद गुजरातची होती, पण ती चक्क बनावट निघाली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. तोही भर दिवसा, कारण हा पिंगळा दिवसाही वावरतो. तो कागदावरून गेला होता, रानातून नाही.

आता गाजरगवत. सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्याच कुळातलं. पांढरी बारीक फुलं, दिसायला गरीब. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. म्हणजे इथे नोंद खरी होती, वेळेवरही होती. पण पुढे कुणी हललं नाही. एका झाडाला हजारो बिया. आज बांध, रस्ता, शाळेचं मैदान, सगळीकडे तेच. अंगाला खाज, दमा, वर जनावरांचा चारा गेला तो वेगळाच.

एकाची नोंद खोटी, दुसऱ्याची खरी पण धूळ खात पडलेली. नुकसान दोन्हीकडे झालंच.

हे आज लिहायचं कारण म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बातमीच्या निमित्ताने मी काही वह्या चाळल्या. नावं घेत नाही, पण दोन गावांच्या याद्या शब्दशः सारख्या, चुकांसकट! अशा वहीत नसलेलं झाड असतं आणि असलेला पक्षी नसतो. उद्या एखाद्या प्रकल्पासाठी जंगलाची जमीन मागितली तर हीच वही समोर येणार. मग 'इथे काहीच नव्हतं' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

येत्या ग्रामसभेत एवढंच करा: वही मागा, मोठ्याने वाचायला लावा. रानात गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारून दुरुस्त करा. आणि गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

तुमच्या गावची वही तुम्ही कधी पाहिलीय का? खाली लिहा.