चोराचे पुढे काय झाले?

वाचकहो, भाताची लावणी आटोपली, पावसाने ठाण मांडले आणि संध्याकाळची जपमाळ झाली, की आमच्या घरी एक परिपाठ सुरू होतो. पुतण्या इंग्रजी पुस्तक वाचतो, आम्ही ते मराठीत सांगतो आणि घरची मंडळी ऐकतात. कंदिलाच्या जागी आता विजेचा दिवा आला आहे. परंतु आमच्या खानापूरकडच्या पावसात तो कंदिलापेक्षा अधिक वेळा विझतो. गेल्या चार पावसाळ्यांपासून या बैठकीस एकच पाहुणे येत आहेत. ते ठेंगणे व गोल चेहऱ्याचे आहेत, त्यांना आपली छत्री सांभाळता येत नाही आणि ते धर्मगुरू आहेत. त्यांचे नाव फादर ब्राऊन.

हे फादर ब्राऊन म्हणजे जी. के. चेस्टरटन (१८७४–१९३६) या इंग्रज लेखकाची निर्मिती होय. त्यांची पहिली कथा १९१० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९११, १९१४, १९२६, १९२७ आणि १९३५ या वर्षी एकेक असे पाच संग्रह निघाले. आम्ही दर पावसाळ्यात एक संग्रह घेतो. त्यामुळे जगाने केव्हाच वाचून संपविलेली मालिका आमच्या घरी अद्याप चालू आहे, आणि यंदाचा १९२७ चा संग्रह हा आमच्यापुरता अगदी कोरा करकरीत नवा भाग आहे.

या पात्राचा उगम चेस्टरटन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. यॉर्कशर परगण्यातील फादर जॉन ओ'कॉनर हे त्यांचे स्नेही. एकदा बोलण्याच्या ओघात या साध्या दिसणाऱ्या धर्मगुरूंना माणसाच्या दुष्टपणाची आपल्याहून किती अधिक माहिती आहे, हे पाहून लेखक थक्क झाले. त्यानंतर थोड्याच वेळाने केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी असा अभिप्राय दिला, की चार भिंतींआड राहणाऱ्या असल्या धर्मगुरूंना जगातील पाप काय ठाऊक असणार! चेस्टरटन यांना हसू आवरेना. पापनिवेदन ऐकणाऱ्यास पापाची ओळख नसते, असे मानणाऱ्यांसाठीच जणू फादर ब्राऊन जन्मास आले. विशेष हे, की पहिले दोन संग्रह लिहिले तेव्हा लेखक स्वतः कॅथॉलिक नव्हते. १९२२ साली ते ख्रिस्तसभेत आले, आणि तेही याच फादर ओ'कॉनर यांच्या हातून.

लांबत जाणाऱ्या गुप्तपोलिसी मालिकेचा नवा भाग हाती आला, की वाचकाला कशाची ओढ असते? गुन्ह्याची नव्हे, ओळखीचे माणूस पुन्हा भेटावे, याचीच ती ओढ असते. कॉनन डॉइल यांनी १८९३ साली आपल्या शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावर संपविले. परंतु वाचकांना ते सोसेना. अखेर १९०३ साली त्याला परत आणावे लागले. चेस्टरटन यांनीही १९२६ च्या संग्रहाच्या आरंभी फादर ब्राऊन यांना शवपेटीत निजविले आहे. ते उठून बसतात, लोक चमत्काराचा गजर करतात. पण हे धर्मगुरू घाईघाईने सर्वांना बजावतात, की येथे चमत्कार वगैरे काही घडलेला नाही. फुकटचे मोठेपण नाकारणारा असा नायक आम्हांस फार आवडतो.

तथापि अशा मालिकांत एक धोकाही आहे. दर भागाला एक नवा मुडदा लागतो. दहाव्या भागापर्यंत त्या मुडद्याचे आपणांस काहीच वाटेनासे होते. गुन्हेगार म्हणजे कोड्याचे उत्तर! उत्तर सापडले, बेड्या पडल्या, पुस्तक मिटले. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची सवयच आपणांस उरत नाही.

फादर ब्राऊन यांची मालिका आम्हांस निराळी वाटते ती याच ठिकाणी. पहिल्याच कथेत फ्लॅम्बो नावाचा धिप्पाड फ्रेंच चोर धर्मगुरूचा वेष घेऊन, फादरांजवळचा निळ्या रत्नांचा मौल्यवान क्रूस लांबवू पाहतो. तो बोलता बोलता मानवी बुद्धीची निंदा करतो आणि तिथेच फसतो. कारण खरा धर्मगुरू असे बोलणार नाही, हे फादर ओळखतात. तिसऱ्या कथेत त्याच्याकडून चोरीची चांदी परत मिळवून ते त्याला जाऊ देतात. चौथ्या कथेत नाताळच्या दिवसांत तो तीन हिरे घेऊन बागेतील झाडावर चढतो. फादर खाली उभे राहून त्याच्याशी बोलतात. भलेपणाची एक पातळी धरून माणूस राहू शकेल, परंतु वाईटाची पातळी धरून कोणी राहू शकत नाही, ती वाट खालीच उतरत जाते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. शिवाय या चोरीचा आळ एका निरपराध तरुणावर येणार, हेही ते दाखवून देतात. थोड्या वेळाने तिन्ही हिरे झाडावरून खाली पडतात. पाचव्या कथेत फ्लॅम्बो भेटतो तो गुन्ह्यांचा तपास करणारा होऊन! एकटी कथा चोराला पकडून संपते. पकडलेल्या चोराला बदलण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ मालिकाच देऊ शकते.

यंदाच्या संग्रहात फ्लॅम्बो स्पेनमध्ये स्थायिक झाला आहे. बायको आहे, मुले आहेत. फादर त्याच्याकडे पाहुणे आले असता एक अमेरिकन गृहस्थ त्यांच्या तपासाचे गुपित विचारतो. फादर उत्तर देतात, की ते सगळे खून मीच केले! म्हणजे असे, की खुनी माणसाचे मन आपल्याच ठायी जागे होईपर्यंत ते स्वतःच्या आत उतरतात. दुसऱ्याचे पाप आपल्याही हातून घडू शकते, हे ज्याला कळले, त्यालाच ते उमगते.

गेल्या मंगळवारी आम्ही या संग्रहाच्या शेवटास आलो होतो. पाऊस कोसळत होता. गावातील एक इसम कुंपणाच्या डागडुजीचे काम मागावयास आला होता. पूर्वी शेजाऱ्याच्या काजूच्या बिया चोरल्याबद्दल त्याने शिक्षा भोगली आहे. "पुढच्या आठवड्यात बघू," असे सांगून आम्ही त्याची बोळवण केली. पण पावसामुळे तो पडवीतच बसून राहिला. पडवीतील खुर्चीवर आमचा मोबाईल होता. आमच्या कुटुंबाने तो हलकेच उचलून आत नेला. आम्ही ते पाहिले आणि मनातून बरे वाटले. त्यानेही ते पाहिले आणि तोंड पावसाकडे फिरविले.

वाचन सुरू झाले आणि ऐन रंगात दिवा गेला. सगळे गप्प झाले. तेव्हा पडवीतून आवाज आला, "मास्तर, त्या चोराचं पुढं काय झालं?"

आम्ही ते पान आधीच वाचलेले होते. म्हणून अंधारातच सांगू लागलो. फ्लॅम्बो त्या अमेरिकनापुढे आपली खरी ओळख उघड करतो. तो म्हणतो, की उपदेश पुष्कळांनी केला, तुच्छतेने पुष्कळांनी पाहिले, त्याने आपण सुधारलो नाही. आपण का चोरतो, हे मला ठाऊक आहे, असे म्हणणारा एकच मित्र भेटला, आणि त्यानंतर आपण कधी चोरी केली नाही. हे सांगताना आमचा आवाज नीट निघेना. दिवा नव्हता, हे बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला पाठवून आम्ही त्याला कामावर बोलाविले. तीन दिवस तो कुंपण बांधीत आहे. दुपारी जेवावयास पडवीत बसतो आणि पुतण्याकडून मागच्या कथा ऐकतो. धान्याच्या कोठाराची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर असते, ती आम्ही तेथेच राहू दिली आहे. काढून ठेवावी असे दोनदा मनात आले, हेही येथे कबूल केले पाहिजे.

पाचवा संग्रह पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवला आहे. त्या बैठकीस पडवीतल्या श्रोत्यासाठी आत एक पाट मांडावा, असा आमचा विचार आहे.