न झालेल्या गोलाची नोंद

वाचकहो, फुटबॉलचा सामना आटोपून मुले घरी परततात, तेव्हा आपण त्यांना दारातच पहिला प्रश्न कोणता विचारता? ‘जिंकलात का?’ आणि त्यामागोमाग दुसरा, ‘गोल कोणी केला?’ ज्याने गोल केला असेल तो पुढे सरसावतो आणि चेंडू कसा आला, कसा वळवला, कसा मारला याचे वर्णन हातवारे करून सांगू लागतो. सारे घर कौतुकाने ऐकते. परंतु त्याच संघात मागच्या फळीत उभा राहून, प्रतिपक्षाच्या चढाया एकामागून एक परतवून लावणारा जो मुलगा असतो, तो मात्र पाय धुऊन मुकाट्याने पानावर बसतो. गोल कोणी होऊ दिला नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही.

यात आपला दोष फारसा नाही. खेळाची नोंदवहीच तशी आहे. गोल झाला की तो करणाऱ्याचे नाव लिहिले जाते, कितव्या मिनिटाला झाला तेही लिहिले जाते. जो गोल व्हायचा होता पण झाला नाही, त्याच्यासाठी जुन्या नोंदवहीत रकानाच नाही. अलीकडे मोठ्या सामन्यांत चेंडू कोणी किती वेळा अडवला आणि किती वेळा हिसकावून घेतला, याची मोजदाद संगणकाच्या साहाय्याने होते. सत्तर वर्षांपूर्वी अशी काही सोय नव्हती. त्यामुळे त्या काळच्या बचावपटूंची खरी कीर्ती एकाच ठिकाणी जतन झाली, आणि ते ठिकाण म्हणजे प्रेक्षकांचे स्मरण होय. अशाच एका बचावपटूची, मोहन बागानच्या शैलेन मन्ना यांची, ओळख आज आपणांस करून द्यावी असे मनात आहे.

नागपुराकडून पूर्वेकडे निघालेली गाडी अखेर जिथे विसावते, त्या हावड्यात १ सप्टेंबर १९२४ रोजी मन्ना यांचा जन्म झाला. हावडा युनियन या स्थानिक संघातून खेळून ते १९४२ मध्ये मोहन बागानमध्ये आले आणि १९६० पर्यंत तेथेच राहिले. एकोणीस हंगाम, आणि संघ एकच. त्यांची जागा डाव्या बॅकची. त्या काळी पाच खेळाडू आघाडीला, तीन मध्यावर आणि मागे केवळ दोन बॅक, अशी रचना सर्वत्र रूढ होती. म्हणजे प्रतिपक्षाची आघाडी मधली फळी भेदून पुढे आली, की गोलरक्षकाच्या अलीकडे हे दोघेच उरत. त्यांच्यापैकी एकाचा पाय घसरला, की सारे संपलेच.

आणि पाय घसरण्याची सोयही त्या मैदानात भरपूर होती! कोलकात्याचा फुटबॉल हंगाम ऐन पावसाळ्यातला. आषाढ-श्रावणाच्या सरींनी मैदानाचा चिखल होई आणि त्या चिखलात आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. अनवाणी पायाला चेंडूचा स्पर्श नेमका कळतो, हे खरे. पण ओल्या जमिनीवर बूट घातलेल्याचा पाय जसा रुततो तसा अनवाण्याचा रुतत नाही, हेही तितकेच खरे. अशा मैदानात प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घ्यावयाचा, तोही त्याला न पाडता, हे काम किती कठीण असेल याची कल्पना आपणच करावी.

कोलकात्यातील एखाद्या जुन्या वस्तीत आपले जाणे झाले, तर घराबाहेरच्या ओट्यांवर संध्याकाळी वृद्ध मंडळींची बैठक जमलेली दिसेल. आपल्याकडे कट्टा, तसा तिकडे हा ओटा. मोहन बागान जिंकले की घरी कोळंबी आणि ईस्ट बेंगाल जिंकले की हिलसा मासा, हा त्या नगरीचा जुना परिपाठ. तेव्हा फुटबॉलचा विषय काढण्यासाठी आपणांस विशेष प्रयास पडणार नाहीत. मन्ना यांचे नाव घ्यावे आणि स्वस्थ ऐकावे. ही मंडळी त्यांच्या गोलांची यादी सांगत नाहीत. ती त्यांच्या उभे राहण्याबद्दल बोलतात. चेंडू कोठे येणार हे आधीच ताडून तेथे शांतपणे उभा असलेला उंच, धिप्पाड खेळाडू. धसमुसळेपणा नाही, वादावादी नाही. आणि फ्री किक मिळाली की अनवाणी पायाने मारलेला तो तडाखा! एवढेच त्यांना आठवते, आणि तेवढे त्यांना आयुष्यभर पुरले आहे.

आता नोंदवही काय सांगते ते पाहू. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेला. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी गाठ पडली. आपल्या बहुतेक खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. फ्रान्सने प्रथम गोल केला, एस. रामन यांनी तो फेडला; आणि सामना संपत आला असता फ्रान्सने दुसरा गोल करून २-१ असा विजय मिळवला. या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यांपैकी एक मन्ना यांच्या हातून, किंवा खरे म्हणजे पायातून, निसटली. फ्रान्ससारख्या संघाच्या आघाडीला दीर्घकाळ एकाच गोलावर थोपवून धरणाऱ्या बचावफळीत मन्ना होते, ही गोष्ट शोधून काढावी लागते. पेनल्टी चुकली, हे मात्र कोणीही सांगतो.

बचावपटूचे दुर्दैव ते हेच. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून अकरावीचे सोने केले, तर तो वीर ठरतो. बचावपटूने दहा चढाया परतवल्या आणि अकरावीला चुकला, तर नोंद होते ती केवळ अकरावीची.

पुढे १९५१ चा मार्च महिना उजाडला. दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. सय्यद अब्दुल रहीम हे प्रशिक्षक आणि शैलेन मन्ना हे कर्णधार. भारताने इंडोनेशियाला ३-० असे हरवले, अफगाणिस्तानला ३-० असे हरवले आणि अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकावले. तो एकमेव गोल मेवालाल यांचा. तो आजही आठवला जातो, आणि तो आठवावा असाच आहे. तथापि, वाचकहो, या तिन्ही निकालांची उजवी बाजू एकदा पुन्हा पाहा. शून्य, शून्य आणि शून्य. संपूर्ण स्पर्धेत भारताच्या जाळ्यात एकदाही चेंडू गेला नाही. मेवालाल यांच्या एका गोलाचे सुवर्णपदक झाले, कारण मागे त्या शून्याची राखण करणारी माणसे होती. गणितात शून्याचे मोल आपण मुलांना शिकवतो. मैदानातल्या शून्याचेही शिकवावयास हवे.

दुसऱ्याच वर्षी, १९५२ मध्ये, हेलसिंकीचे ऑलिंपिक झाले. कर्णधार तेच. समोर युगोस्लाव्हिया, त्या स्पर्धेत पुढे रौप्यपदक मिळवणारा बलाढ्य संघ. उत्तरेकडील थंडीत, अनेकांचे पाय अनवाणी. भारत १-१० असा हरला. अहमद खान यांनी अखेरीस केलेला एक गोल एवढेच समाधान. या पराभवानंतर आपल्याकडे बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. दहा गोल झालेल्या संघाचा कर्णधार, आणि तोही बचावपटू! सोळा महिन्यांपूर्वीच्या तीन शून्यांच्या शेजारी नोंदवहीने हा दहाचा आकडाही मांडून ठेवला.

कोणासही वाटेल की, यानंतर प्रेक्षकांनी पाठ फिरवली असेल. तसे झाले नाही. कोलकात्याच्या मैदानावर जे लोक पावसात भिजत दर आठवड्याला मन्ना यांचा खेळ पाहत होते, त्यांच्यापाशी नोंदवहीत नसलेला पुरावा होता. लंडनची एक पेनल्टी आणि हेलसिंकीचा एक दिवस यांवरून ते आपला खेळाडू तोलणार नव्हते. त्यांनी शेकडो दुपारी पाहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने जगातील दहा उत्तम कर्णधारांत मन्ना यांची गणना केली, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. त्याच वर्षी मोहन बागानने प्रथमच ड्युरँड चषक जिंकला आणि १९५५ मध्ये मुंबईचा रोव्हर्स चषकही प्रथमच आपल्याकडे नेला. कूपरेज मैदानाची परंपरा सांगणाऱ्या मुंबईकर कुटुंबांनी हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लोकांच्या प्रेमाला आणखी एक कारण होते. मन्ना यांनी खेळाचा धंदा केला नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरी करून ते संसार चालवीत आणि मोहन बागानसाठी हौसेने खेळत. जो माणूस पैशासाठी आला नाही तो पैशासाठी जाणारही नाही, हा विश्वास प्रेक्षकांना वाटे, आणि एकोणीस वर्षांत तो खोटा ठरला नाही. सन्मान आले ते बरेच उशिरा. १९७१ मध्ये पद्मश्री. २००० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून सहस्रकातील खेळाडू म्हणून गौरव. २००१ मध्ये ‘मोहन बागान रत्न’. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हावड्याच्या क्रीडागाराला आज त्यांचे नाव आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. स्मरण प्रेमळ असते, तसेच ते कल्पकही असते. १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला जाण्याची संधी भारताला मिळाली होती, पण आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून भारताने माघार घेतली, ही कथा घरोघर सांगितली गेली, आणि ती इतकी रंगतदार आहे की सोडवत नाही. परंतु जे त्या संघाचे कर्णधार व्हायचे, त्या मन्ना यांनीच पुढे स्पष्ट केले की, त्या काळी खेळाडूंच्या दृष्टीने ऑलिंपिक हेच सर्वस्व होते आणि विश्वचषकाचे महत्त्व कोणाला फारसे ठाऊकच नव्हते. हा खुलासा कमी रंगतदार आहे. पण तो खरा आहे, आणि आपल्या संधीविषयीचे सत्य आपणच साधेपणाने सांगणारा हा माणूस त्यात दिसतो. चाहत्यांनी आठवणी जरूर सांगाव्यात, मात्र साक्षीदाराच्या इमानाने सांगाव्यात.

मन्ना यांच्या आधीच्या पिढीत मोहन बागानचाच आणखी एक बॅक असाच लोकप्रिय होता. त्यांचे नाव गोष्ठ पाल. अनवाणी पायांनी बूटधारी गोऱ्या पलटणींना अडवणाऱ्या या खेळाडूला लोक ‘चीनची भिंत’ म्हणत. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; हा मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू होत. कोलकात्याच्या मैदानाजवळ त्यांचा पुतळा आहे, तेथील रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. परंतु त्यांनी १९३५ मध्ये खेळणे थांबवले. ती भिंत अभेद्य कशी होती, ते चेंडू कसा काढून घेत, केव्हा पुढे येत आणि केव्हा थांबत, हे डोळ्यांनी पाहिलेले सांगणारे आज भेटणे नाही. उपाधी राहिली, पुतळा राहिला, खेळ गेला.

मन्ना यांच्या बाबतीतही आता तीच घडी जवळ आली आहे. १९६० मध्ये वडिलांचे बोट धरून मैदानावर गेलेले मूल आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. या मंडळींनी सांगितले नाही, आणि आपण विचारले नाही, तर मागे उरेल ती केवळ नोंदवही; आणि त्या नोंदवहीत एक चुकलेली पेनल्टी आणि दहा गोल ठळक अक्षरांत आहेत, हे आपण पाहिलेच.

म्हणून आमची एक विनंती आहे. आपण कोलकात्यास असा की कोल्हापुरास, गोव्यास असा की इंदुरास, आपल्या घरी किंवा शेजारी फुटबॉल पाहिलेले कोणी वृद्ध गृहस्थ असतील, तर एखाद्या रविवारी त्यांच्यापाशी बसावे. आवडता गोल कोणता, हे त्यांना सगळेच विचारतात. आपण त्यांचा आवडता बॅक कोण होता, तो कसा उभा राहत असे आणि त्याने अडवलेला कोणता चेंडू अजून डोळ्यांसमोर आहे, हे विचारावे. मुलांना जवळ बसवावे आणि जे ऐकाल ते एखाद्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. छापील नोंदवहीत ज्याला जागा मिळाली नाही, त्याला घरच्या वहीत मिळेल.

आणि पुढच्या खेपेस मुले मैदानावरून परततील, तेव्हा गोल करणाराचे कौतुक अवश्य करावे. मात्र पाय धुऊन गुपचूप पानावर बसलेल्या त्या दुसऱ्या मुलाकडेही वळावे आणि विचारावे, ‘आज तू किती अडवलेस?’ तो किती वेळ बोलत राहतो, ते आपणच पाहाल.