हलाल आहे, पण रंग कशाचा?

मांसाच्या दुकानात आपण प्रश्न विचारतो. पाकिटावर जिलेटिन लिहिलेले आहे का, हे बारीक अक्षरांत शोधतो. केकमध्ये रम नाही ना, याची दोनदा खात्री करतो. पण ईदच्या डब्यातली भडक लाल रेड व्हेल्वेट कुकी समोर आली की आपण फक्त म्हणतो, काय सुंदर रंग आलाय! तो रंग कशाचा, हा प्रश्न आपल्या हलालच्या यादीत अजून आलेला नाही. तो यायला हवा, आणि सर्वांत आधी आपल्याच घरातल्या ओव्हनपाशी यायला हवा, असे मला वाटते.

घरातल्या म्हणण्याचे कारण उघड आहे. मुंब्र्यापासून मालेगावपर्यंत आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुली आज घरून केक आणि कुकीज विकतात. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, फोटो इन्स्टाग्रामवर जातो. जिच्या बाहेर नोकरी करण्याला घरातून विरोध असतो, तिची ही पहिली स्वतःची कमाई असते. म्हणून या धंद्यावरचा विश्वास ही किरकोळ गोष्ट नाही. आणि या पानांवर तीन शब्द हमखास दिसतात: होममेड, हलाल, नॅचरल. पहिल्याची खात्री पटते. बाकीचे दोन तपासून पाहू.

आधी ‘नॅचरल’. निसर्गातून आलेले ते आपोआप हलाल, असा आपला एक गोड गैरसमज आहे. जगातला एक नामांकित नैसर्गिक लाल रंग म्हणजे कार्माइन. परदेशी मिठायांच्या पाकिटावर तो ‘ई १२०’ या नावाने सापडतो. तो निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनिअल नावाच्या बारीक किड्यांना वाळवून काढतात. याचे सर्वांत मोठे उत्पादन पेरू देशात होते. २०१२ साली स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरी पेयात हा रंग असल्याचे कळल्यावर अमेरिकेत शाकाहारी ग्राहकांनी गदारोळ केला, आणि कंपनीला टोमॅटोतल्या लायकोपीनकडे वळावे लागले. आपल्यात यावर एकमत नाही. हनफी उलेमांचा सर्वसाधारण कल किडे खाणे नाजायज असल्याचा आहे, मालिकी मत त्या मानाने सैल आहे, तर शाफई बहुसंख्या असलेल्या इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०११ मध्ये हा रंग हलाल ठरवला. (आपले कोकणी मुसलमानही शाफई; त्यामुळे रत्नागिरीच्या आणि भिवंडीच्या जेवणाच्या टेबलावर हा वाद रंगू शकतो.) कोणते मत घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण पाकीट उलटून पाहिल्याशिवाय ठरवणार काय?

मग उरतात बाटलीतले कृत्रिम रंग. त्यात किडा नाही, डुक्कर नाही, म्हणून विषय संपला असे आपण मानतो. पण कुरआनमध्ये ‘हलाल’च्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगले, स्वच्छ, शरीराला मानवणारे. जोडीतला हा दुसरा शब्द आपण सोयीने गाळतो. भारतात पाँसो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन हे लाल रंग काही ठरावीक पदार्थांत चालतात, पण मर्यादेत. साधारणपणे १ किलो पदार्थात १०० मिलिग्रॅम. आता रेड व्हेल्वेटची कुठलीही पाककृती काढा. ‘हवा तसा रंग येईपर्यंत घाला’ असे लिहिलेले असते. कोकोचा तपकिरीपणा झाकायचा असल्याने रंग भरपूर लागतो, आणि घरच्या चमच्याने १०० मिलिग्रॅम मोजता येत नाहीत. मुलगी प्रामाणिक असली तरी आपण मर्यादेत आहोत की नाही, हे तिला कळण्याची सोय नसते.

यात घाबरवण्याचा हेतू नाही. एका कुकीने कुणी आजारी पडत नाही. पण युरोपात जुलै २०१० पासून पाँसो, कार्मोइसिन यांसह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली. आपल्याकडे २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकाने रोडामाइन-बी घातलेल्या ‘बुढ्ढी के बाल’वर कारवाई केली, तो तर कापड रंगवायचा रंग. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटकाने कबाबमधल्या कृत्रिम रंगांवरही बंदी आणली. रमजानच्या रात्री आपण ज्या लाल कबाबांभोवती गर्दी करतो, ते आठवून पाहा.

आता ओव्हनकडे. बीट वापरून कुकी लाल करता येते का? येते, पण बीटाचे नखरे समजून घ्यावे लागतात. बीटाचा रंग आंबट मिश्रणात टिकतो, सोड्यात आणि जास्त उष्णतेत मरतो. म्हणून अनेक जणी बीटाचा रस घालून, खाण्याचा सोडा टाकून, १८० अंशांवर भाजतात आणि तपकिरी कुकी बाहेर आली की बीटाला दोष देतात. शिवाय रसातल्या पाण्याने कुकी खुसखुशीत होत नाही, ती केकसारखी फुगते. रस नको, पूड हवी. बीट किसून पंख्याखाली आणि मग अगदी मंद आचेवर कडक वाळवायचे, मिक्सरमधून काढायचे, चाळायचे.

१०० ग्रॅम लोणी आणि ९० ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटावी. त्यात एक चमचा घट्ट दही, एक छोटा चमचा लिंबाचा रस. मग १६० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे बीटाची पूड, फक्त एक छोटा चमचा कोको, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. कोको साधा घ्यावा. ‘डच प्रोसेस्ड’ कोको अल्कलीने धुतलेला असतो, तो रंग मारतो. बीटाला पहिल्या पावसातल्या मातीसारखा जो वास असतो, तो वेलचीने झाकला जातो. व्हॅनिलाचा अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, तो प्रश्नही वेलचीने मिटतो. नानकटाईला वेलची चालते तर हिला का नाही? गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून, छोट्या कुकीज थापून १६० अंशांवर १२ ते १४ मिनिटे. मधला भाग मऊ वाटत असतानाच ट्रे बाहेर काढावा. गार झाल्यावर त्या घट्ट होतात.

रंग येईल तो गडद, तांबूस, जांभळ्याकडे झुकणारा. फोटोतला अग्निशामक गाडीचा लाल येणार नाही, आणि ग्राहक नेमके तिथेच नाक मुरडतो. त्याला एक गोष्ट सांगता येईल. व्हेल्वेट केक हे नाव मुळात मऊपणाचे होते. साधा कोको आणि आंबट ताक एकत्र आले की केकला तांबूस झाक यायची, तेवढीच. भडक लाल रंग नंतर आला. टेक्सासच्या ॲडम्स एक्स्ट्रॅक्ट कंपनीने आपल्या रंगाच्या बाटल्या खपाव्यात म्हणून लाल केकच्या पाककृती वाटल्या, आणि तो लाल अमेरिकाभर रुजला. म्हणजे ज्याला आपण ‘खरा’ रेड व्हेल्वेट समजतो, ती जाहिरात होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्राच्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा आपण चिडलो, आणि चिडणे रास्त होते. पण हलाल म्हणजे निव्वळ शिक्का, हे आपणही मानू लागलो आहोत. प्रेषित मुहंमद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपण सगळे लहानपणी ऐकतो. त्यांनी विक्रेत्याला धान्य फेकून द्यायला लावले नाही. ओला भाग वर ठेव, लोकांना दिसू दे, एवढेच सांगितले. बाटलीतला रंग वापरणाऱ्या मुलीलाही याहून जास्त काही करायला नको. कायदाही पाकिटावर कृत्रिम रंगाचा उल्लेख मागतोच. तिने तो ऑर्डरच्या मेसेजमध्ये लिहावा, आणि घेणाऱ्याने वाचावा.

बीट वापरणारीने तर आवर्जून लिहावे: रंग बीटाचा, भडक नाही, अंडे नाही, अल्कोहोल नाही. पूड करायला दोन दिवस जातात, म्हणून डब्यामागे थोडे जास्त पैसे मागायलाही लाजू नये. आणि दुकानासारख्या पारदर्शक बरणीत देऊ नये. उजेडात बीटाचा रंग फिका पडतो. स्टीलचा डबा बरा.