बॅगेत काय होतं?

आमच्या गल्लीतला एक पोरगा गेल्या पावसाळ्यात गोंदियातच, फुलचूर नाक्याकडे जाताना पडला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, झड लागलेली होती आणि नेहमीप्रमाणे रस्त्याच्या मधोमध गाई बसलेल्या होत्या. एका गाईला चुकवताना त्याची गाडी घसरली आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्या म्हाताऱ्याला घेऊनच आडवी झाली. पोराच्या नडगीचं हाड मोडलं, म्हाताऱ्याचा खांदा निखळला. पाठीवरच्या बॅगेतलं पनीर आणि सहा तंदुरी रोट्या चिखलात गेल्या. ज्यानं ते जेवण मागवलं होतं त्याला त्याच रात्री पैसे परत मिळाले. ॲप अशा बाबतीत तत्पर असतं.

गाडी कर्जावर घेतलेली, म्हणून फायनान्सवाल्यांनी फुल इन्शुरन्स काढायलाच लावला होता. बापानं क्लेम टाकला. चार दिवसांनी सर्व्हेअर आला. सभ्य माणूस, चहा घेतला, फोटो काढले, आरसी पाहिली, लायसन पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाठीवर बॅग होती म्हणतात. बॅगेत काय होतं?"

पोरानं खरं सांगितलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं की वाहन पॉलिसीत दिलेल्या वापराच्या मर्यादेबाहेर वापरलं गेल्यामुळे दावा मंजूर करता येत नाही. गल्लीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. जन्मभर शाळेत शिकवल्याचा हा उरलेला मान. मी पत्र वाचून सांगितलं. बाप थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "गुरुजी, पोट्ट्यानं खोटं सांगाले पायजे होतं. जेवाले चाललो होतो म्हनाले काय जात होतं?"

त्या बापाला मी काही उत्तर देऊ शकलो नाही. जो विमा खरं बोलणाऱ्याला नाकारतो आणि थाप मारणाऱ्याला पैसे देतो, तो गोंदियातल्या बावीस वर्षांच्या पोराला काय शिकवतो?

पॉलिसीचा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. आपण कुणीच वाचत नाही. खासगी गाडीच्या, मग ती कार असो वा मोटारसायकल, पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. गाडी कोणत्याही कामासाठी वापरा, पण भाडं किंवा मोबदला घेऊन नाही, मालवाहतुकीसाठी नाही, शर्यतीसाठी नाही, वेगाच्या चाचणीसाठी नाही. मालवाहतुकीत सूट फक्त नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. दुसऱ्याची बिर्याणी ना नमुना, ना स्वतःचं सामान. म्हणजे कागदाच्या दृष्टीनं जयस्तंभ चौकातून कुडव्याला जेवणाचा डबा नेणारा पोरगा आणि रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवणारा एकाच यादीत बसतात. हे शब्द लिहिले गेले तेव्हा मोबाइलवरून जेवण मागवायची सोय स्वप्नातही नव्हती. आज जिल्ह्याच्या ठिकाणी संध्याकाळी सात ते अकरा या वेळात ज्या दुचाक्या सर्वांत जास्त धावतात, त्यांच्या पॉलिसीत त्यांचं काम वर्ज्य म्हणून छापलेलं आहे, आणि हे त्या पोरांना पॉलिसी विकताना कुणी सांगत नाही.

विमा कंपनीची बाजू मला कळते. घरून दुकानात आणि दुकानातून घरी जाणारी गाडी वेगळी, आणि रात्री पावसात पंधरा-वीस फेऱ्या मारणारी वेगळी. दीडशे सीसीपर्यंतच्या नेहमीच्या मोटारसायकलला थर्ड पार्टीचा वर्षाचा दर २०२२ पासून ७१४ रुपये आहे, तो पहिल्या प्रकारची गाडी धरून. जोखीम जास्त असेल तर हप्ता जास्त असावा, यात अन्याय नाही. पण मग तो जास्तीचा हप्ता कुणी भरायचा, हा प्रश्न उरतो. "व्यावसायिक विमा काढा" म्हणणाऱ्यांनी एकदा आरटीओच्या कार्यालयात जाऊन पाहावं. त्यासाठी गाडीची नोंदच बदलायची, पिवळी पाटी, फिटनेस. कॉलेज सुटल्यावर चार तास आणि धानाची कापणी आली की पंधरा दिवस सुट्टी, असं काम करणारा पोरगा हे करणार नाही. आणि त्यानं ते करावं अशी त्या धंद्यातल्या कुणाची खरोखर इच्छाही नाही, कारण तसं झालं तर उद्या सकाळी रायडरच मिळणार नाहीत.

आता त्या म्हाताऱ्याचं पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो अशाच माणसांसाठी. पण विमा कंपनीनं न्यायाधिकरणापुढे कोणते बचाव घ्यायचे ते कलम १५० सांगतं, आणि परवान्याशिवाय भाड्यानं वापर हा त्यातला एक आहे. परवाना नसलेल्या मालट्रकच्या अमृतपाल सिंग खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केलेला मार्ग असा की कंपनीनं जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. ट्रकच्या बाबतीत मालक म्हणजे निदान धंदा करणारा माणूस. आमच्या गल्लीतली गाडी बापाच्या नावावर आहे. कर्ज त्याच्या नावावर मिळालं म्हणून. हाच तर्क दुचाकीला लावला गेला, तर वसुलीची नोटीस बापाच्या दोन एकर धानावर येईल. ॲपवर येणार नाही.

बापाच्या नावाचा आणखी एक घोळ आहे. २०१८ पासून १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो, पण तो 'ओनर-ड्रायव्हर'चा. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो स्वतः ती चालवतो आहे, त्याचा. त्या रात्री पोरगा जिवानिशी गेला असता तरी हे १५ लाख घरी झोपलेल्या बापाच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले असते. आपल्याकडे पोराची गाडी बापाच्या, भावाच्या, कधी आईच्या नावावर असते. हा नियम लिहिणाऱ्यानं आपल्याकडचं एक घर तरी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

न्यायालयं कधी कधी माया दाखवतात, हेही सांगायला हवं. खासगी गाडी भाड्यानं वापरली म्हणून नाकारलेल्या एका दाव्यात, अमलेंदू साहू प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये कंपनीला काही रक्कम द्यायला लावली. दावा पूर्ण फेटाळण्याऐवजी 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीनं, म्हणजे कापून, द्यायचा. आमच्या पोराच्या गाडीचा खर्च एकतीस हजार. त्यासाठी दिल्लीपर्यंत कोण जाणार?

ॲपवाले म्हणतील की आम्ही रायडरला अपघात विमा देतो. देतात. त्यातून दवाखान्याचं बिल निघतं, मेल्यावर घरच्यांना रक्कम मिळते. पण तो पोराच्या शरीराचा विमा आहे. मोडलेली गाडी आणि म्हाताऱ्याचा खांदा त्यात कुठेच नाहीत. ती जबाबदारी 'पार्टनर'ची. पार्टनर हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ज्या भागीदारीत नफा एकाकडे आणि धडक दुसऱ्याकडे जाते, तिला आमच्याकडे दुसरं नाव आहे.

ते नाव विडीच्या धंद्यातून आलं आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हे नवीन सांगायला नको. माझी आई ओसरीवर बसून विड्या वळायची. पान आणि तंबाखू ठेकेदार द्यायचा, हजारामागे पैसे द्यायचा, आणि आजार, म्हातारपण, सुट्टी यांचा विषय निघाला की कारखानदार म्हणायचा, ही बाई माझी कामगार नाही, ती तिच्या घरी तिच्या वेळेनं काम करते. नागपूरच्या एका विडी कारखानदारानं हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. बिरधीचंद शर्मा प्रकरण, साठच्या दशकाच्या तोंडावरचं. कारखान्यात येणारे कामगार वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, मजुरी नगावर घेतात, मग ते कामगार कसे? न्यायालयानं पाहिलं की दुपारनंतर आलं तर त्यांना काम मिळत नाही, आठ दिवस गैरहजर राहिलं तर काढून टाकता येतं, म्हणून ते कामगारच. वाटेल तेव्हा लॉगिन करा, पण वर्दळीच्या वेळी नाही केलं तर इन्सेंटिव्ह गेला, हे ऐकताना मला नेहमी ती दुपार आठवते. पुढे १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं आणि मधल्या ठेकेदाराला ओलांडून ज्याच्यासाठी काम होतं त्या मूळ मालकाला गाठलं. कारखानदारांनी तेव्हाही सांगितलं होतं की धंदा बुडेल.

ॲपच्या बाबतीत हे करणं सरकारला जमत नाही असं नाही. कराच्या बाबतीत जमलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ॲपवरून होणाऱ्या स्थानिक डिलिव्हरी सेवेवर, सेवा देणारा स्वतः नोंदणीकृत नसेल तर, १८ टक्के जीएसटी ॲपनं भरायचा आहे, जणू ती सेवा ॲपच देतं आहे असं समजून. कायद्यातले शब्दच तसे आहेत. म्हणजे कर घेताना डिलिव्हरी ॲप करतं, आणि म्हातारा पडला की पोरगा करतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲपनं उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. चांगलं झालं. जीवन, अपंगत्व, अपघात, आरोग्य, बाळंतपण, म्हातारपण, पाळणाघर सगळं त्यात मोजून लिहिलं आहे. पाळणाघर आठवलं, गाडी आठवली नाही. ज्या गाडीशिवाय हा धंदा एक मिनिट चालत नाही, ती.

माझी मागणी साधी आहे. ऑर्डर स्वीकारल्यापासून ती दारात पोहोचेपर्यंत गाडी, रायडर आणि रस्त्यावरचा तिसरा माणूस या तिघांचा विमा ॲपनं एकगठ्ठा काढावा. आरसीवर नाव बापाचं असो की मामाचं. त्या वेळापुरतं खासगी पॉलिसीतलं बंधन कुणी दाखवू नये, असं विमा नियामकानं लिहून द्यावं. ब्रिटनमध्ये डिलिव्हरीवाल्यांसाठी तासावर मिळणारा विमा २०१६ च्या सुमारास आला. तंत्र अवघड नाही, कारण पोरगा कुठल्या सेकंदाला कुठे होता हे ॲपइतकं कुणालाच माहीत नसतं. पैशांचंही तेच. २०२३ मध्ये दोन रुपयांनी सुरू झालेली प्लॅटफॉर्म फी आज दहाच्या पुढे गेली आणि आपण कुणी कुरकुर केली नाही. त्यातून नेमकं काय मिळतं ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

एक भीती खरी आहे. छोट्या गावांवर खर्च लादला तर ॲप निघून जाईल. झोमॅटोनं जानेवारी २०२३ मध्ये सुमारे २२५ लहान शहरं सोडली, तेव्हा त्यांच्या एकूण ऑर्डरच्या किमतीत त्या सगळ्यांचा मिळून वाटा ०.३ टक्के होता. १ लाख ३३ हजार वस्तीचं, २०११ च्या गणनेनुसार, आमचं गाव त्यांच्या हिशेबात कितीसं भरणार? म्हणूनच हे नगरपरिषदेनं किंवा जिल्ह्यानं मागण्यासारखं नाही. पुणे-मुंबईला आणि गोंदियाला एकच नियम लागला, तर आम्हाला सोडून जाण्यात त्यांचा फायदा उरत नाही.

पोरगा दिवाळीनंतर परत कामाला लागला. पायात सळी आहे, थंडीत ठणकते. कंपनीची रंगीत बॅग आता तो घेत नाही. बाजारातून साधी काळी सॅक आणली आहे, त्यात थर्माकोल लावून घेतलं आहे. का, म्हणून विचारलं तर हसला. सायकलवाला म्हातारा अजून हात वर उचलू शकत नाही. त्याचा जावई परवा वकिलाकडे जाऊन आला, असं ऐकतो. बापानं मला विचारलं, सात-बारावर पोराच्या आईचं नाव लावून घेतलं तर चालेल काय?