नाव बाईचं, नंबर नवऱ्याचा

गुरुवार होता, म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांचा सुट्टीचा दिवस. एक बाई आमच्या केंद्रावर आली. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती ठेकेदारामार्फत कामाला जाते. भाड्याची खोली, दोन मुलं, नवरा कधी कामावर तर कधी घरी. 'माझी लाडकी बहीण' योजनेचे दरमहा दीड हजार रुपये तिच्या खात्यात येत होते. त्यासाठी ई-केवायसी करायची होती. स्वतःचा आधार क्रमांक तिला तोंडपाठ होता. पण ओटीपी गेला नवऱ्याच्या मोबाइलवर, कारण आधार काढलं तेव्हा घरात तेवढा एकच फोन होता.

तिने त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आधी सांग, त्यातले मला किती देणार?"

आम्ही सगळ्या ऐकत होतो. घासाघीस चालू असतानाच ओटीपीची मुदत संपली. पदर सावरत ती म्हणाली, "ताई, नाव माझं, खातं माझं, अंगठा माझा. मग ही परवानगी त्याची कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवावा म्हणून हे लिहिते आहे.

समाज यंत्रांच्या आहारी गेला, बायका दिवसभर मोबाइल बघत बसतात, अशी भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. पण आमच्या वस्त्यांमध्ये मोबाइल ही चैन राहिलेली नाही. पाळी बदलल्याचा निरोप, कामगारांच्या बसची वेळ, गॅसचा नंबर, मुलांच्या शाळेची सूचना, सगळं त्याच्यावरच येतं. प्रश्न आहे तो मोबाइल कोणाच्या खिशात आहे हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. म्हणजे आपण ज्याला यंत्रावरचं अवलंबन म्हणतो, ते अनेक घरांत नवऱ्यावरचं, दिरावरचं, नाहीतर मुलावरचंच अवलंबन असतं.

कागदावर बाईचं नाव यावं म्हणून चळवळीने किती वर्षं घालवली! महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं. हे सारं मोलाचं आहे. पण आपण नावासाठी भांडत होतो, तेवढ्यात कुलूपच बदललं. आता किल्ली नावाची नाही, नंबरची आहे.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेच्या ई-केवायसीत बाईबरोबर तिच्या नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक आणि ओटीपी मागितला गेला. कारण समजण्यासारखं आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं अशी अट आहे, आणि चक्क पुरुषांनीही हे पैसे घेतल्याचं उघड झालं होतं. तपासणी हवीच. पण उत्पन्न तपासण्यासाठी बाईला नवऱ्याच्या दारात उभं करायचं? विधवा आणि घटस्फोटित बायकांना पुढे अंगणवाडी सेविकेकडे दाखले देण्याची सोय झाली. पण जिला नवऱ्याने टाकलं आणि जी कोर्टाची पायरी कधी चढलीच नाही, तिने कोणता दाखला आणायचा?

समुपदेशनात मला एक गोष्ट वारंवार ऐकू येते. मारहाणीच्या आधी मोबाइल हिसकावला जातो, नाहीतर फोडला जातो. माहेरचा आधार, पोलिसांचा नंबर आणि बँकेचा संदेश, तिन्ही एका फटक्यात तुटतात. त्याला हे बरोबर कळतं. योजना आखणाऱ्यांनाही कळायला हवं.

यंत्र नको, असं माझं म्हणणं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. पोषण ट्रॅकरचं काम मराठीत करता यावं, ही त्यांची मागणी होती. त्यांनी काम नाकारलं नव्हतं, फक्त यंत्र आपल्या अटींवर मागितलं होतं. आपणही तेच मागूया. ओटीपी मिळत नसेल तर अंगठ्यावर, समक्ष पडताळणी व्हावी. प्रत्येक योजनेला एक खिडकी असावी आणि खिडकीमागे माणूस असावा. टाकलेल्या बाईचं म्हणणं स्थानिक चौकशी करून ग्राह्य धरावं.

आणि एक काम आपल्या हातातलं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा : तुझ्या आधारला, बँकेला, रेशनकार्डाला कोणाचा नंबर जोडला आहे? आधार केंद्रावर स्वतः जाऊन अंगठा दिला की नंबर बदलता येतो. त्याला नवऱ्याची सही लागत नाही.

ती बाई पुढच्या गुरुवारी परत आली. सोबत स्वतःच्या नावावर घेतलेलं सिमकार्ड होतं. आम्ही दोघी आधार केंद्राच्या रांगेत उभ्या राहिलो. पुढची पायरी, नवऱ्याच्या ओटीपीची, अजून बाकीच होती. ती पायरी तिच्या एकटीने चढण्याची नाही. नियम बदलायला लावणं हे आपणा सगळ्यांचं काम आहे.